मीटर बसवलेल्या घरातील दीड वर्ष : एका प्रेक्षक-संशोधन पॅनेलच्या सदस्यत्वाचे परीक्षण

टीव्ही कोण, काय आणि किती पाहते हे मोजणाऱ्या एका प्रेक्षक-संशोधन संस्थेच्या पॅनेलवर, म्हणजे मोजणीसाठी निवडलेल्या घरांच्या गटात, आमचे घर दीड वर्ष होते. सदस्यत्व संपून मीटर परत गेल्यानंतर मी हे परीक्षण लिहीत आहे आणि संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. पॅनेलवरील घरे कोणती हे बाहेर फुटले, तर त्या घरांना आमिष दाखवून आकडे फिरवता येतात. म्हणून गोपनीयता हा या व्यवसायाचा पाया आहे आणि सदस्यत्व संपल्यावरही तिचा मान राखणे मला आवश्यक वाटते. मी संज्ञापनशास्त्र शिकवते. प्रेक्षक कसे मोजले जातात, माध्यमांचा त्यांच्यावर कोणता परिणाम होतो आणि तो कसा तपासतात, हे वर्गात अनेक वर्षे सांगत आले होते. स्वतः मोजले जाणे म्हणजे काय, हे मात्र मला या दीड वर्षातच कळले.

या सेवेसाठी अर्ज करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आधी मोठ्या लोकसंख्येची प्राथमिक पाहणी होते, घरातील माणसे, त्यांची वये, शिक्षण, घरातील उपकरणे यांची नोंद होते आणि त्या प्रमाणात पॅनेलची घरे निवडली जातात. आपणहून पुढे येणाऱ्यांवर भिस्त ठेवली तर काय होते, याचे उदाहरण संशोधनाच्या इतिहासात ठळकपणे नोंदलेले आहे. 1936 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या, त्यांतल्या 20 लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि साप्ताहिकाने आल्फ लँडन यांच्या विजयाचे भाकीत केले. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. पत्ते मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारगाडी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले होते, आणि मतपत्रिका भरून परत पाठवण्याची तसदी घेणारे लोकही सर्वसाधारण मतदारासारखे नव्हते. त्याच निवडणुकीत जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी लहान, पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून विजेता बरोबर सांगितला. आमच्या घरी आलेल्या पाहणीकर्तीला मी निवडीची पद्धत खोदून विचारली, तेव्हा तिने न कंटाळता अर्धा तास समजावून सांगितले. या संस्थेबद्दल माझे पहिले मत तेव्हा चांगले झाले आणि त्या बाबतीत ते आजही तसेच आहे.

मीटर म्हणजे टीव्हीजवळ ठेवायची एक लहान पेटी. टीव्हीच्या आवाजावरून कोणती वाहिनी, कोणता कार्यक्रम चालू आहे हे ती ओळखते. खोलीत कोण आहे हे मात्र तिला कळत नाही. ते सांगण्यासाठी सोबत एक रिमोट मिळतो. घरातील प्रत्येकाला त्यावर एक बटण दिलेले असते. पाहायला बसताना आपले बटण दाबायचे, उठताना पुन्हा दाबायचे. पाहुण्यांसाठी वेगळे बटण असते आणि त्यांचे वय व लिंग नोंदवावे लागते. तंत्रज्ञाने बसवणी नीट केली, सासूबाईंना बटणाचा अंक दिसावा म्हणून त्यावर मोठ्या अक्षरांची पट्टी चिकटवून दिली आणि दुसऱ्या आठवड्यात काही अडते का हे पाहायला तो स्वतः येऊन गेला.

या साध्या बटणामागे मोठा इतिहास आहे. 1930 च्या सुमारास अमेरिकेत रेडिओचे श्रोते मोजण्यासाठी दूरध्वनी करून लोकांना काल काय ऐकले ते विचारत. पुढे ‘आत्ता या क्षणी काय ऐकत आहात’ असे विचारण्याची पद्धत आली, कारण आठवणीवर विसंबता येत नव्हते. रेडिओला जोडायचा ऑडिमीटर वापरून निल्सन कंपनीने 1942 मध्ये राष्ट्रीय पातळीवर मोजणी सुरू केली, पण ते यंत्र संच कधी चालू होता आणि कोणत्या केंद्रावर लावला होता एवढेच सांगत असे. समोर कोण बसले होते, हे कळण्यासाठी कागदी रोजनिशी भरून घ्यावी लागे. अमेरिकेत 1987 मध्ये राष्ट्रीय मोजणीसाठी पीपल मीटर, म्हणजे प्रत्येकाला वेगळे बटण असलेला मीटर, स्वीकारला गेला, तेव्हा माणूस आणि संच एकाच नोंदीत आले. पण प्रेक्षकाला स्वतःच स्वतःची हजेरी लावावी लागते, ही त्या रचनेतील मूळ अडचण आमच्या घरातही दीड वर्ष टिकून होती.

बटण दाबणे म्हणजे पाहणे नव्हे. रात्रीच्या बातम्यांच्या वेळी आमच्या घरात अनेकदा चारही बटणे चालू असत. माझे पती खरोखर बातम्या पाहत असत. मी उत्तरपत्रिका तपासत असे, मुलगी मोबाइलवर तिसरेच काही पाहत असे आणि सासूबाईंना डुलकी लागलेली असे. नोंदीत आम्ही चौघे सारखेच प्रेक्षक होतो आणि जाहिरातदाराला विकल्या गेलेल्या आकड्यात आमची चार डोकी सारख्याच वजनाने गेली. आम्ही नियम मोडत नव्हतो. संस्थेची व्याख्याच ‘टीव्ही चालू असलेल्या खोलीतील उपस्थिती’ अशी होती. 1980 च्या दशकाच्या मध्यात पीटर कॉलेट या मानसशास्त्रज्ञाने ब्रिटनमधील काही घरांत टीव्हीच्या कपाटात कॅमेरा बसवून समोरची माणसे चित्रित केली होती. ती जेवत, भांडत, वाचत, झोपत, केस विंचरत होती आणि मधूनमधून पडद्याकडे पाहत होती. त्या चित्रणाबद्दल मी वर्गात नेहमी सांगते, पण आपल्याच बैठकीच्या खोलीत ते रोज घडताना पाहून त्याचा अर्थ मला अधिक खोलवर कळला. संस्थेने ही मर्यादा सदस्यांपासून लपवली नाही, हे खरे. आकडे विकत घेणाऱ्यांना ती इतक्याच स्पष्टपणे सांगितली जाते का, हा प्रश्न मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा उत्तर गुळमुळीत मिळाले.

याच संदर्भात एक हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा असा आहे. पॅनेलमध्ये 1,000 घरे आहेत आणि एखाद्या कार्यक्रमाला 1 टक्का रेटिंग मिळाले, असे समजू. म्हणजे तो कार्यक्रम 10 घरांत चालू होता. संख्याशास्त्राच्या नेहमीच्या 95 टक्के विश्वासपातळीवर त्या 1 टक्क्याचे खरे मूल्य साधारण 0.4 ते 1.6 च्या दरम्यान कुठेही असू शकते. असे असताना 1.1 मिळवणारा कार्यक्रम 0.9 मिळवणाऱ्याला मागे टाकून गेला, असे त्या एका आकड्यावरून म्हणता येत नाही. तरीही असेच म्हटले जाते, त्यावरून कार्यक्रम बंद होतात आणि लेखकांना कथा वळवायला सांगितले जाते. मोठ्या रेटिंगच्या कार्यक्रमांबाबत हे आकडे पुरेसे भरवशाचे असतात. थोड्या प्रेक्षकांच्या, पण त्यांना जिवाभावाच्या असलेल्या कार्यक्रमांवर मात्र याच पद्धतीने अन्याय होतो.

पॅनेलवर आल्यामुळे आमचे पाहणे बदलले का? पहिले तीन-चार आठवडे निश्चित बदलले. मुलीने मला विचारले, “आई, आपण हे पाहिलेलं त्यांना कळतं ना?” आणि त्या आठवड्यात घरात माहितीपट जास्त लागले. पुढे सवय झाली आणि आम्ही पूर्ववत झालो, असे मला वाटते. पण ते माझेच वाटणे आहे, त्याला पुरावा नाही. हा प्रश्न संशोधकांना पूर्वीच पडला होता. पॉल लाझार्सफेल्ड आणि सहकाऱ्यांनी 1940 मध्ये ओहायोतील इरी काउंटीत 600 मतदारांच्या एका पॅनेलला निवडणुकीच्या काळात दरमहा भेटून प्रश्न विचारले, तेव्हा वारंवार विचारल्यामुळेच लोक बदलत नाहीत ना हे पडताळण्यासाठी प्रत्येकी 600 जणांचे आणखी तीन गट ठेवून त्यांची एकेकदाच मुलाखत घेतली होती. आमच्या संस्थेत असा कोणता ताळा घेतला जातो हे मी लेखी विचारले. नव्या घरांच्या सुरुवातीच्या काही दिवसांच्या नोंदी अंतिम आकड्यात धरत नाहीत, असे उत्तर आले. उपाय पुरेसा नाही, पण योग्य दिशेचा आहे.

प्रश्नावल्या हा या सेवेचा सर्वांत कच्चा भाग होता. दर महिन्याला मोबाइलवर एक प्रश्नावली येई आणि तिची रचना पाहून मला एक शिक्षिका म्हणून वाईट वाटे. ‘अमुक वाहिनीच्या निर्भीड बातम्या तुम्हांला किती आवडतात’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेले आहे. एका प्रश्नावलीत आधी एका जाहिरातीची चित्रे दाखवून नंतर ‘तुम्हांला कोणते ब्रँड आठवतात’ असे विचारले होते. क्रम उलटा असता तरच त्या उत्तराला काही किंमत राहिली असती. ‘मला माहीत नाही’ हा पर्याय बहुतेक ठिकाणी नव्हता. ज्याला मत नाही त्याला मत द्यायला भाग पाडले, की जे जमा होते ते लोकमत नसते, आणि पुढे बातमीच्या मथळ्यात मात्र ते लोकमत म्हणूनच छापले जाते.

या ढिगात एक प्रश्नावली अपवाद होती आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे. तिच्यात एका जाहिरातीबद्दल आधी ‘तुमच्यावर याचा किती परिणाम होईल’ आणि काही पानांनंतर ‘इतर लोकांवर याचा किती परिणाम होईल’ असे विचारले होते. मी स्वतःसाठी ‘फारसा नाही’ आणि इतरांसाठी ‘बराच’ असे उत्तर दिले. माझ्या पतींनी तेच दिले आणि सासूबाईंनीही. इतरांवर परिणाम होतो, आपण मात्र सुटतो, असे मानण्याच्या या प्रवृत्तीकडे डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी 1983 मध्ये लक्ष वेधले आणि तिला ‘तृतीयपुरुषी परिणाम’ असे नाव दिले. हे सारे ठाऊक असूनही मी तेच उत्तर दिले होते. घरातले तिघेही जर ‘इतरांवर’ असे म्हणत असतील, तर ते इतर कोण, यावर त्या रात्री आम्ही बराच वेळ बोललो. माध्यमांवर बंधने घाला अशी मागणी करणाऱ्यांच्या मनात बहुधा हेच इतर असतात.

उलट बाजूची, म्हणजे माध्यमे प्रेक्षकाकडून नकळत हवे ते करून घेतात असे मानण्याची, चूकही तितकीच जुनी आहे आणि संस्थेच्या माहितीपुस्तिकेत ती सापडल्याने मी नाराज झाले. ‘प्रेक्षकाच्या अवचेतन मनापर्यंत पोहोचणारे संदेश’ अशा अर्थाची ओळ त्यात होती आणि चित्रपटगृहातील त्या प्रसिद्ध प्रयोगाचा दाखला दिला होता. 1957 मध्ये जेम्स व्हिकेरी या बाजार-संशोधकाने पडद्यावर क्षणार्धात झळकणाऱ्या शब्दांनी शीतपेयाची आणि मक्याच्या लाह्यांची विक्री वाढल्याचा दावा केला. तो दावा कोणालाही सिद्ध करता आला नाही आणि काही वर्षांनी स्वतः व्हिकेरी यांनीच आपल्याजवळ पुरेशी माहिती नव्हती असे कबूल केले. परिणामाचे संशोधन करणाऱ्या संस्थेने हे उदाहरण सत्य म्हणून छापावे, हे मला अक्षम्य वाटते. मी कळवले; पुढच्या आवृत्तीत ती ओळ नव्हती, पण दुरुस्तीची सूचना कोणालाही पाठवली गेली नाही.

आता या सदस्यत्वातील सर्वांत मोलाचा भाग. दीड वर्षात आमच्या घरी दोन सविस्तर मुलाखती झाल्या. दुसऱ्या मुलाखतीच्या आधी आमचा टीव्ही नऊ दिवस बंद होता. मदत-केंद्रातून तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा वेगळ्या व्यक्तीने ‘नोंद का येत नाही’ असे जरा संशयाने विचारले; आधीच्या फोनची नोंद कोणाजवळच नव्हती. मुलाखत घेणारी तरुणी मात्र त्या नऊ दिवसांबद्दलच बोलू लागली. “आजी, टीव्ही नव्हता तेव्हा तुम्हांला काय काय चुकल्यासारखं वाटलं?” असे तिने सासूबाईंना विचारले. सासूबाई म्हणाल्या, “मालिकेचं काही नाही गं, तीत पुढे काय होणार ते मला ठाऊक असतं. पण दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला की बोलायचं काय, तेच कळेना.” त्या बहिणी रोज सकाळी फोनवर त्या मालिकेतील सुनेबद्दल बोलतात, आणि तिच्याबद्दल बोलता बोलता आपल्या घरातल्या, एरवी न बोलता येणाऱ्या गोष्टी बोलून जातात. मी त्याच घरात राहते, आणि मला हे माहीत नव्हते.

मीटरच्या नोंदीत ही मालिका म्हणजे आठवड्याची ठरावीक मिनिटे होती. तिचा त्या दोघींवर खरा परिणाम कोणता, हे एका साध्या आणि वेळेवर विचारलेल्या प्रश्नाने उलगडले. हीच युक्ती बर्नार्ड बेरेलसन यांनी 1945 मध्ये वापरली होती. न्यूयॉर्कमध्ये वितरकांच्या संपामुळे दोन आठवड्यांहून अधिक काळ वृत्तपत्रे घरी आली नाहीत, तेव्हा त्यांनी लोकांना वृत्तपत्र चुकणे म्हणजे काय ते विचारले. गंभीर बातम्या हव्यात असे बहुतेक जण सांगत, पण खोलात गेल्यावर रोजची सवय, जगाशी जोडले गेल्याची भावना, गप्पांना लागणारे विषय हीच खरी उणीव निघाली. हेर्ता हेर्झोग यांनी 1940 च्या दशकातच रेडिओ मालिका ऐकणाऱ्या स्त्रियांशी बोलून, त्या मालिकांतून आपल्या आयुष्यासाठी सल्ला, भावनांना वाट आणि स्वप्नरंजन मिळवतात हे दाखवले होते. पुढे आयेन आंग यांनी एका डच स्त्री-मासिकात छोटी जाहिरात देऊन ‘डॅलस’ या मालिकेबद्दल लोकांना लिहायला सांगितले आणि आलेल्या केवळ 42 पत्रांवरून प्रेक्षकाच्या आनंदाबद्दल इतके काही सांगितले, की ते अजून शिकवले जाते. 42 पत्रांवरून टक्केवारी काढता येत नाही आणि त्यांनी ती काढलीही नाही. किती लोक, हे मीटर सांगतो. कशासाठी, हे माणसाला विचारावे लागते, आणि विचारणाऱ्याला थांबून ऐकता यावे लागते. त्या तरुणीला ते येत होते. तिने सासूबाईंना एकदाही मध्ये तोडले नाही, आणि त्या गप्प झाल्या तेव्हा तीही गप्प राहिली.

इतकी चांगली मुलाखत झाल्यावर तिचे पुढे काय झाले, हे आम्हांला कधीच कळले नाही. उतारा मिळाला नाही, निष्कर्ष मिळाले नाहीत. संस्थेच्या वार्षिक पत्रकात आकडे होते, आलेख होते, मुलाखतींबद्दल एक ओळही नव्हती.

मीटरच्या जोडीला सदस्यांच्या फोनवर संस्थेचे एक मोबाइल अ‍ॅपही असते; त्याबद्दल सावधपणे लिहायला हवे. ते मायक्रोफोनमधून आजूबाजूचा आवाज अधूनमधून ऐकते आणि त्याचे एका सांकेतिक ठशात रूपांतर करून तेवढेच पाठवते. बोलणे साठवत नाही, असे संमतिपत्रात स्पष्ट लिहिले होते. हे संमतिपत्र समजेल अशा भाषेत होते आणि अल्पवयीन मुलीच्या फोनसाठी आमची दोघांची वेगळी सही घेतली गेली, हे मला महत्त्वाचे वाटते. फेसबुकने जानेवारी 2012 मध्ये एक आठवडा 6,89,003 वापरकर्त्यांच्या न्यूजफीडमधील आनंदी किंवा दुःखी मजकुराचे प्रमाण बदलून त्यांच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते पाहिले होते. 2014 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा आपण प्रयोगात होतो हे त्या माणसांना ठाऊक नव्हते. आढळलेला परिणाम अत्यंत लहान होता, पण न विचारता केलेल्या त्या प्रयोगाने संशोधनावरच्या विश्वासाचे जे नुकसान केले ते लहान नव्हते. अ‍ॅपमुळे फोनची बॅटरी लवकर उतरते, ही तक्रार आहेच. हेडफोन लावून पाहिलेले त्याला ऐकू येत नाही, ही अधिक मोठी उणीव आहे, कारण माझी मुलगी जवळजवळ सगळे तसेच पाहते. ऑनलाइन पाहण्याची मोजणी एकूणच अजून अस्थिर आहे: नेटफ्लिक्सने एके काळी दोन मिनिटे पाहिले तरी एक ‘व्ह्यू’ धरला, नंतर पाहिलेले एकूण तास जाहीर केले, आणि 2023 पासून त्या तासांना कार्यक्रमाच्या लांबीने भागून व्ह्यू काढायला सुरुवात केली. व्याख्या बदलली की लोकप्रियतेचा क्रम बदलतो, मग माणसे तीच असली तरी.

मोबदला गुणांच्या रूपात मिळतो आणि तो किरकोळ ठेवलेला आहे. तो तसाच असावा, म्हणजे कोणी त्यासाठी टीव्ही लावून बसणार नाही.

सदस्यत्व संपताना मी आमच्या घराची नोंद मागितली. लेखी विनंतीनंतर सहा आठवड्यांनी चार पानी तक्ता आला: प्रत्येकाच्या नावापुढे वाहिन्या आणि मिनिटे. सासूबाईंनी चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला आणि बहिणीला फोन करून त्यातले आपले आकडे सांगितले.

ज्यांच्या घरी अशी पाहणीकर्ती येईल त्यांनी होकार द्यावा, असे माझे मत आहे. योग्य रीतीने निवडलेली घरे नकार देत गेली, तर उरलेल्या घरांवरून काढलेले आकडे अधिकच चुकीचे होतील आणि निर्णय तरीही त्यांवरूनच घेतले जातील. सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: नोंदी किती काळ ठेवल्या जातात, त्या कोणाला विकल्या जातात आणि आपली नोंद आपल्याला कधी मिळेल. मला पुन्हा विचारले तर मीही होकार देईन, पण मुलाखतीचा उतारा घरी पाठवण्याची अट घालून; सासूबाईंना तो वाचायचा आहे.